फाटकाच्या जागेसाठी दोन अर्ज

ठाण्याच्या कचेरीच्या पडवीत, उत्तरेकडून तिसऱ्या खांबाशी, माझी बैठक होती. पुढे उतरते मेज, डाव्या हाताला बोरूंचा जुडगा, उजव्या हाताला दौत आणि वाळूची डबी, समोर अर्जदाराने बसावे म्हणून अंथरलेले एक गोणपाट, एवढाच त्या बैठकीचा पसारा. आज तेथे दुसरे एक गृहस्थ बसतात. त्यांचे अक्षर बरे आहे. कामानिमित्त ठाण्यास जाणे झाले आणि त्या खांबावरून जावे लागले, तर मी पावले उचलून टाकतो. कारण सावकाश गेलो तर तेथेच बसावेसे वाटेल, अशी मला भीती वाटते.

या मासिक पुस्तकाचे वाचक बहुतेक विद्वान आहेत, म्हणून आरंभीच सांगून टाकतो की माझे शिक्षण मराठी पाचवी इयत्ता पुरी व सहावी अर्धी एवढेच झाले आहे. सहावीच्या मध्यावर तीर्थरूप वारले आणि मला बोरू हाती धरावा लागला. तथापि माझ्या मसुद्यांच्या नकला करून नेणाऱ्यांत चांगले शिकलेले लोकही असत. त्यांची नावे येथे देणे शिष्टाचारास धरून होणार नाही. लोक मला रावसाहेब म्हणत. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती, गोणपाटावर बसणाऱ्यांनी दिली होती. आणि ती परत घेण्याचा अधिकारही त्यांचाच होता, हे मला फार उशिरा समजले.

पडवीत आम्ही पाच अर्जनवीस होतो. बाकीचे चौघे वाटण्या, बांध, सारा आणि शिवीगाळ यांचे अर्ज लिहीत. माझ्याकडे मात्र मोडलेली माणसे येत. आगगाडीखाली हात-पाय गेलेले, पारसिकच्या डोंगरात सुरुंगाने भाजलेले, खाडीच्या बंदरात गलबतावरच्या ओझ्याखाली सापडलेले, असे लोक जिल्हाभरातून विचारीत विचारीत तिसऱ्या खांबाशी येऊन पोहोचत. हे काम मला शिकविले ठाण्याचे जुने वकील नानासाहेब यांनी. असली प्रकरणे ते स्वतः घेत नसत. पक्षकाराला माझ्याकडे बोट दाखवून धाडीत. मी एकदा त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "मेला तर कायदा आहे रे. जगला तर नुसता अर्ज आहे."

बाहेरच्या माणसास याचा उलगडा करून सांगितला पाहिजे. एकाच्या हलगर्जीपणाने दुसरा मेला, तर मेलेल्याच्या बायकामुलांस दावा लावता येतो, असा कायदा सरकारने केला आहे. परंतु कामावरचा माणूस नुसता जायबंदी झाला आणि कोर्टात गेला, की मालकाचा वकील उभा राहून विचारतो, काम धोक्याचे आहे हे तुला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, तर पत्करलेस कशाला? आणि चूक मालकाच्या हातून झाली की तुझ्याच सोबतच्या नोकराच्या? सोबत्याच्या हातून झाली असेल, तर मालकाशी तिचा संबंध नाही. या तीन प्रश्नांतून सुटलेला मजूर मी तरी पाहिला नाही. म्हणून कोर्टाचा रस्ता सोडून मालकाच्या दारात अर्ज घेऊन जावे लागते, आणि तो अर्ज असा लिहावा लागतो की वाचणाऱ्याच्या मनात दया यावी पण कंटाळा येऊ नये. माझा नियम असा होता की जखमेचे वर्णन दोन ओळींत आटपावे, आणि जखमेच्या आधीच्या माणसाचे वर्णन पानभर करावे. तुटलेला हात दाखवून साहेब द्रवत नाही. तो हात काय काय करीत असे, हे त्याला दाखवावे लागते.

विक्षिप्त गिऱ्हाइकेही पुष्कळ भेटली. कल्याणचे एक प्रतिष्ठित व्यापारी होते. गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढले असता वाऱ्याने त्यांची पगडी गेली. "मस्तकास दुखापत" असा अर्ज लिहा, म्हणून ते हटून बसले. मी म्हणालो, दुखापत मस्तकावरील वस्तूस झाली आहे. त्यांचे म्हणणे असे की अब्रूदार माणसाची पगडी हा मस्तकाचाच भाग होय. शेवटी त्यांच्या शब्दांत लिहिले. आगगाडीच्या कंपनीने उत्तरादाखल, खिडकीबाहेर डोके काढू नये, अशी छापील सूचना पाठविली. तीवर साहेबाची सही होती, म्हणून शेटजींनी ती काचेत बसवून दुकानात टांगली.

दुसरे प्रकरण मुंब्र्याकडील एका खडीफोड्याचे. दगडाची कपची उडून त्याचा डोळा गेला. ठेकेदाराच्या कारकुनाने विचारले की याला पहिल्यापासून दोन डोळे होते, याचा पुरावा काय? खडीफोड्या गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी अर्धे गाव घेऊन पडवीत आला. त्या सर्वांनी, या इसमास दोन डोळे होते व ते आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहेत, असा जबाब दिला. तो मी लिहून घेतला आणि खाली प्रत्येकाची निशाणी केली. सगळी दुपार त्यात गेली, पण तशी दुपार पुन्हा मिळावी म्हणून मी काहीही देईन.

या निशाणीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुढची सर्व हकीकत तिच्यावर आहे. ज्यास लिहिता येत नाही तो सहीऐवजी आपल्या जातीच्या धंद्याचे चित्र काढतो, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक, बायकांचे काकण. खरे पाहता चित्र अर्जदाराने काढावयाचे. पण ज्याने जन्मात बोरू धरला नाही तो कागदावर शाई सांडील, म्हणून अर्जनवीसच ते काढी आणि अर्जदार बोरूला नुसते बोट लावी. मी इतर अर्जनविसांसारखा चार रेघा ओढून मोकळा होत नसे. माझ्या नांगराला रुमणे असे, फाळ असे, दोहोंच्या मध्ये सावलीसुद्धा असे. माझी निशाणी पाहून अर्ज कोणाच्या हातचा आहे हे कचेरीतले लोक ओळखीत. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, आणि तो मी लपवून ठेवीत नसे.

अशा दिवसांत धर्मा आला.

धर्मा मोहन्याचा कुणबी. कल्याणच्या यार्डात तो सांधेवाला होता, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालण्यासाठी सांधा ओढणारा. गरज पडेल तेव्हा डबे जोडण्याचेही काम त्यास करावे लागे. एका सकाळी डबे जोडताना मागून इंजिनाने अंमळ जास्त रेटा दिला, आणि त्याचा उजवा हात दोन डब्यांच्या टकरीत सापडला. ठाण्याच्या दवाखान्यात तो हात मनगटाच्या वर कापला. तेथून सुटला तो थेट माझ्या गोणपाटावर येऊन बसला. बरोबर त्याची बायको बायजी होती. ती बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

त्याची मागणी ऐकून मी चकित झालो. त्याला भरपाईचे पैसे नको होते, फाटक हवे होते. आगगाडीच्या वाटेत जेथे गाडीरस्ता आडवा येतो तेथे कंपनीचे फाटक असते. शेजारी एक खोपटे असते. गाडी येण्याच्या वेळी फाटक लावावयाचे, बावटा दाखवावयाचा, गाडी गेली की उघडावयाचे. एका हाताने होण्यासारखे काम. लाइनीवर जायबंदी झालेल्या ज्या माणसास दुसरे काही साधन नाही, त्यास लाइनीवरचा साहेब मर्जी झाल्यास अशी जागा देत असे. डोंबिवलीच्या बाजूचे एक फाटक त्या वेळी रिकामे होते. यार्डातली खोली कंपनी आज ना उद्या खाली करून घेणार होती. फाटक मिळाले तर छप्पर मिळेल, हे तर होतेच. परंतु धर्माला त्याहून दुसऱ्याच गोष्टीची ओढ होती. तो म्हणाला, "रावसाहेब, गाडी डोळ्यासमोरून गेली पायजे. नाय गेली तर दिवस गेला असा वाटत नाय."

मी अर्ज लिहिला. आजही म्हणतो की तो अर्ज उत्तम होता. बारा महिने, तिन्ही ऋतूंत, या इसमाच्या उजव्या हाताने एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही, हे वाक्य लिहिताना माझेच डोळे भरून आले. मग निशाणीची वेळ आली आणि मी नांगर काढावयास घेतला.

धर्मा वाकून पाहत होता. तो म्हणाला, "नांगर नको. मना कंदील काढा."

मी त्यास समजावून सांगितले की निशाणी जातीची असते, नोकरीची नव्हे. नोकरी आज आहे, उद्या नाही. तो म्हणाला की नांगर मी हातात कधी धरलाच नाही. बापाचा शेत रुळाखाली गेला तेव्हा मी रांगत होतो. त्यावर मी म्हणालो, "धर्मा, अर्ज कोण लिहितो आहे? तू की मी?"

त्याचे मन दुखावले हे मला दिसले. त्याची भरपाई करावी असेही मनात आले, आणि ती मी माझ्या रीतीने केली. साहेबाकडे जाणारा अर्ज, तेव्हा निशाणी साधी नको, म्हणून नांगराला जू जोडले आणि जुवाला दोन बैल. बैल इतके सुरेख उतरले की शेजारचे अर्जनवीस उठून पाहावयास आले. एकाची शिंगे मी किंचित आत वळविली होती. धर्माने डाव्या हाताचे बोट बोरूला लावले. बायजी खांबाला टेकून हे सर्व पाहत होती.

अर्ज मराठीत, साहेब इंग्रजीतला. मधले काम कल्याण स्टेशनातले कारकून साळवी करीत. त्यांनी भाषांतर करून अर्ज वर पाठविला, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

त्या वाट पाहण्याचे ते चार-पाच महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते, हे लिहावयास मला संकोच वाटतो, कारण ते धर्माच्या आयुष्यातले फार वाईट महिने होते. उत्तर आले का म्हणून विचारावयास तो आठवड्यातून दोन-तीनदा ओळखीच्या गार्डाच्या डब्यातून ठाण्यास येई. नाही म्हटले की परत न जाता गोणपाटाच्या कडेला बसून राही. पंचवीस वर्षे माझ्यासमोर माणसे बसली. प्रत्येकाला काही ना काही लिहून हवे होते. काही लिहून नको असताना माझ्यापाशी बसलेला माणूस हा एकच. दुपारी लोक पांगले की तो मला लाइनीच्या गोष्टी सांगे. पडवीतून रूळ दिसत नसत, पण खाडीच्या पुलावर गाडी चढली की त्याची मान वळे. ही भरलेली आहे, ही रिकामी आहे, हिचे इंजिन घाटावरून थकून आले आहे, असे तो आवाजावरून सांगे. प्रथम मी मान नुसती हलवीत असे. पुढे पुढे मीही बोरू थांबवून ऐकू लागलो. एकदा मी आधी बोललो, "रिकामी." तो हसून म्हणाला, "भरलेली हाय रावसाहेब, पण तुमचा कान उघडतोय." माझी कोणी परीक्षा घेऊन मला जवळजवळ उत्तीर्ण केल्याचा हा एकच प्रसंग.

मग उत्तर आले.

ते इंग्रजीत असल्यामुळे मी साळव्यांकडून वाचून घेतले. त्यांनी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. साहेबाने लिहिले होते की अर्जदाराच्या दुखापतीबद्दल वाईट वाटते. परंतु अर्जाखाली अर्जदाराने स्वतःच्या निशाणीत नांगर व बैलांची जोडी दाखविली आहे. अर्थात अर्जदार हा बैल बाळगणारा शेतकरी आहे. फाटकाच्या जागा ज्यांस दुसरे साधन नाही अशांसाठी आहेत, सबब विचार करता येत नाही. साळव्यांनी भाषांतर इमानाने केले होते. कागदावर जे होते ते सर्व त्यांनी इंग्रजीत उतरविले होते, बैलांसुद्धा.

धर्मा दुसऱ्या दिवशी आला. मी सांगितले, साहेबाने नाही म्हटले. त्याने कारण विचारले. मी म्हणालो, साहेबाची मर्जी. यापेक्षा अधिक मी बोललो नाही. तो जरा वेळ बसला. पुलावर गाडी चढली. त्याने मान वळविली नाही. मग उठून गेला.

चार दिवसांनी बायजी एकटी आली. कचेरी भरलेली होती. पडवीत पाय ठेवावयास जागा नव्हती. ती गोणपाटावर बसलेल्या माणसाच्या मागे उभी राहिली, आणि त्याचे काम होईपर्यंत थांबली. नंतर पुढे झाली. यार्डातली खोली कालच खाली केली, असे तिने सांगितले. मोहन्याला चुलत दिराच्या गोठ्यात राहतो आहोत. धनी सकाळी उठून नदीच्या काठी जाऊन बसतो, तेथून पुलावरची गाडी लांबून दिसते म्हणून. साहेबाचे पत्र तिने साळव्यांना गाठून वाचून घेतले होते. हे सर्व ती एका सुरात बोलली. आवाज चढला नाही.

शेवटी म्हणाली, "रावसाहेब, तुमी आमाला बैलांची जोडी दिलीत. तिला चारा कुठून घालू, तेवढा सांगा."

पडवीतले पाचही बोरू थांबले. ती उत्तरासाठी थांबली नाही.

त्या संध्याकाळी मी नानासाहेबांच्या घरी गेलो आणि झालेला प्रकार त्यांस सांगितला. मी विचारले की दुसरा अर्ज करून, निशाणी मी काढली होती, बैल माझ्या मनचे होते, असे लिहून दिले तर? नानासाहेब सुपारी कातरीत होते. त्यांनी सांगितले की अर्ज चालेल. पण तसे लिहून दिले की तुझ्या हातच्या प्रत्येक अर्जाखालच्या निशाणीवर कोणीही संशय घेईल, आणि मामलेदार तुला पडवीत बसू देणार नाहीत. सगळेच तसे करतात हे सर्वांस ठाऊक आहे, पण लिहून कोणी देत नाही. मग म्हणाले, "तिसरा खांब सोडवेल का तुला?"

मला सोडवणार नव्हता. दोन रात्री मी तोच विचार केला. मी निर्णय घेतला तो थोरपणाने नव्हे, हे खरे खरे सांगतो. मला त्या दोन दिवसांत पडवीत बसवत नव्हते, एवढेच. पुलावर गाडी चढली की ती भरलेली आहे की रिकामी हे मला कळू लागले होते, आणि सांगावयास कोणी नव्हते.

दुसरा अर्ज माझ्या नावाचा होता. जन्मात हजारो अर्ज लिहिले, पण "अर्जदार" या शब्दापुढे स्वतःचे नाव घालण्याची ती पहिली वेळ. तो सहा ओळींचा झाला. अलंकार एकही नव्हता. खाली मी सही केली.

लाइनीवरचा साहेब महिन्यातून एकदा आपल्या स्वतंत्र डब्यातून कल्याणास येत असे व फलाटावर खुर्ची टाकून लोकांचे ऐकून घेत असे. साळव्यांनी वेळ कळविली. मोहन्यास निरोप धाडून मी धर्मास बोलाविले. तो आला. बायजी त्याच्या मागे होती. आम्ही तिघे उन्हात उभे राहिलो. अर्ज हातात धरून उभे राहणे काय असते, हे बसून लिहिणाऱ्यास त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

साहेबाने माझा अर्ज साळव्यांकडून वाचवून घेतला. मग जुना अर्ज काढून बैलांकडे पाहिले, आणि साळव्यांमार्फत मला विचारले की या माणसाचे बैल तुम्ही कधी पाहिले होते काय? मी म्हणालो, नाही. मग काढले कशासाठी? मी पुष्कळ उत्तरे जुळवून आणली होती, वहिवाट, जात, दस्तूर; परंतु तोंडून निघाले ते एवढेच, "शोभा यावी म्हणून, हुजूर."

साळव्यांनी ते इंग्रजीत सांगितले. साहेब हसला. त्याच्या मागचा पट्टेवाला हसला, फलाटावरचे हमाल हसले. हसली नाहीत ती दोनच माणसे, आणि ती माझ्या शेजारी उभी होती.

हसून झाल्यावर साहेबाने धर्मास विचारले की बैल नसतील, पण जमीन तरी आहे की नाही? साळव्यांनी प्रश्न मराठीत सांगितला. धर्माने हात वर केला नाही, नमस्कार केला नाही. तो म्हणाला, "हाय. साहेब ज्या रुळावरून आला, त्याच्या खाली हाय."

साळव्यांनी हे उत्तर साहेबास कोणत्या शब्दांत सांगितले ते मला समजले नाही. पण ते सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. साहेब काही बोलू लागला. इतक्यात शहाडच्या बाजूने मालगाडी यार्डात शिरली. धर्माने साहेबाकडे पाठ केली. मी घाबरलो. तो फलाटाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि एकामागून एक डब्याच्या चाकांकडे पाहत राहिला, शेवटच्या डब्यापर्यंत. शेवटचा डबा गेल्यावर त्याने डावा हात वर करून गार्डाला खूण केली, गार्डाने उलट खूण केली, आणि मग धर्मा परत येऊन आपल्या जागी उभा राहिला. साहेब तोपर्यंत थांबला होता. त्याने साळव्यांस दोन शब्द सांगितले आणि पुढचा कागद मागितला.

फाटक मिळाले. डोंबिवलीच्या बाजूचे ते पहिले भरले गेले होते. त्याच्याच पलीकडचे, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, मिळाले. धर्मा सरळ निघून गेला. बायजी मात्र चार पावले जाऊन वळली आणि "येतो" म्हणाली. आपल्याकडे जाताना सर्वच तसे म्हणतात. तरी मी तो शब्द पुष्कळ दिवस जपून ठेवला होता.

नानासाहेबांचे म्हणणे महिन्याभरात खरे झाले. मला तिसरा खांब सोडावा लागला. मी बिऱ्हाड कल्याणास हलविले आणि तेथे घरच्याच ओटीवर बसू लागलो. कामे येतात. परंतु अलीकडे छापील नमुने निघाले आहेत. नाव, गाव, दुखापत, असे कोरे रकाने असतात. दुखापतीच्या रकान्यात दोन ओळी मावतात. जखमेच्या आधीच्या माणसासाठी त्यात रकानाच नाही. निशाणी मी आता काढीत नाही. शाईत अंगठा बुडवून घेतो. अर्ज पूर्वीपेक्षा निर्धोक झाले आहेत हे मी कबूल करतो. तरी ज्या दुपारी अर्धे गाव दोन डोळ्यांची साक्ष द्यावयास येते, ती दुपार आता येत नाही.

ठाण्यास जाणे होते तेव्हा मी गाडीत त्या बाजूची खिडकी धरून बसतो. फाटक येते आणि जाते. धर्मा डाव्या हातात बावटा घेऊन उभा असतो. पहिल्या खेपेस मी खिडकीतून हात हालविला. त्याने पाहिले नाही. मग ध्यानात आले की तो खिडक्यांकडे पाहतच नाही. तो चाके पाहतो. दोन वर्षे मी असा त्याच्यासमोरून गेलो आणि आलो. त्या काळात अनेकदा मनात येई, की एखाद्या दुपारी तो ओटीवर येऊन बसेल. काही लिहून नको असेल. तो आला नाही.

शेवटी गेल्या माघात मीच डोंबिवलीस उतरलो व रुळाच्या कडेच्या पायवाटेने फाटकाकडे गेलो. काय बोलावयाचे ते वाटेत ठरवीत होतो. मसुदा चांगला जमला होता. मी पोहोचलो तेव्हा फाटक लागलेले होते. भाजीची पाटी घेतलेली एक बाई आणि गवताचा भारा घेतलेला एक माणूस अलीकडे थांबले होते. मी त्यांच्या पुढे होऊन फाटकाच्या आडव्या लाकडावर हात ठेवला. खोपट्याच्या दारात बायजी तांदूळ निवडीत होती. तिने मला पाहिले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. धर्मा माझ्यापासून पाच-सहा हातांवर उभा होता. त्याने मला ओळखले हे मला स्पष्ट दिसले.

तो म्हणाला, "मागं सरा, रावसाहेब. गाडी हाय."

मी मागे सरलो. गाडी आली. त्याने शेवटच्या डब्यापर्यंत चाके पाहिली. मीही पाहिली, मला त्यांत काही समजले नाही. गाडी दूर गेल्यावर त्याने बावटा काखेत धरला, डाव्या हाताने कडी काढली आणि फाटक ओढून उघडले. भाजीवाली गेली. भारेवाला गेला. मी उभाच होतो. आता बोलावे, म्हणून मी तोंड उघडले.

फाटक हाताने धरून ठेवीत तो म्हणाला, "जायचा असेल तर आताच निघा. मागून दुसरी येतेय." जरा थांबून, आवाज न बदलता, तो पुढे म्हणाला, "भरलेली."

मला पलीकडे काही काम नव्हते. त्या रस्त्याने मी कधी गेलो नव्हतो, आणि तो मानपाड्यापुढे कोठे जातो हेही मला ठाऊक नव्हते. परंतु तो माझ्यासाठी फाटक धरून उभा होता. मी दोन्ही रूळ ओलांडून पलीकडे गेलो आणि मागे न पाहता, फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत, चालत राहिलो.